साठी ओलांडलेला ‘नवा’ कोच : अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हेड कोच नेमका होतो कसा?

डिसेंबर २०२३. अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल संघाला नवा हेड कोच मिळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. पत्रकार परिषदेत त्यांना प्रश्न आला, नव्या खेळाडूंना तुम्ही तुमचं स्वप्न पटवून कसं देता? कोचनी तीन छोट्या वाक्यांत विषय संपवला. “सोपं आहे. मी जिंकतो. गुगल करून बघा.”

क्लिप व्हायरल झाली. बऱ्याच जणांनी टिंगल केली, कारण इंडियानाचा संघ तेव्हा वरच्या गटातल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त सामने हरलेला संघ होता. आकडा ७०० च्या पुढे गेलेला. अशा ठिकाणी येऊन कुणी एवढ्या तोऱ्यात बोलावं, हेच लोकांना मजेशीर वाटलं.

पण ज्यांनी खरंच गुगल केलं त्यांना एक वेगळीच गोष्ट सापडली. कर्ट सिग्नेटी नावाचा हा ‘नवा कोच’ ६२ वर्षांचा होता. त्यातली २८ वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली होती. पन्नाशीच्या तोंडावर त्यानं देशातल्या सगळ्यात ताकदवान संघातली नोकरी सोडून एका छोट्या कॉलेजमध्ये कमी पगाराची नोकरी धरली होती. आणि तिथून पुढे हेड कोच म्हणून ११९ सामने जिंकले होते, ३५ हरले होते.

दोन वर्षांनी, जानेवारी २०२६ मध्ये, हाच इंडियाना संघ १६ पैकी १६ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला.

मग प्रश्न असा की, एवढा जिंकणारा माणूस मोठ्या विद्यापीठांना ६२ व्या वर्षापर्यंत दिसला कसा नाही? त्याचं उत्तर शोधायचं तर अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हेड कोच कसा घडतो, हे समजून घ्यावं लागतं.

आधी खेळ समजून घेऊ

पहिला गोंधळ मिटवू. हे मेस्सी-रोनाल्डोचं फुटबॉल नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, तो बहुतेक वेळ हातातच असतो आणि खेळाडू हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड घालून एकमेकांवर धडकतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो.

यात हल्ला करणारे ११ आणि बचाव करणारे ११ वेगवेगळे असतात. म्हणजे एकाच संघात जवळपास दोन संघ. हल्ल्याचा कारभार क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूच्या हातात असतो. चेंडू कुणाकडे फेकायचा, कधी फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत तो ठरवतो. संघात शंभरेक पोरं असतात. त्यामुळे कोचही एकटा नसतो, त्याच्या हाताखाली मोठी फौज असते.

आता ‘कॉलेज’ या शब्दावर जाऊ नका. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यासमोर आल्या असतील तर त्या बाजूला ठेवा. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांहून जास्त लोक बसतात. आपल्या वानखेडेची क्षमता साधारण ३३ हजार आहे, म्हणजे तीन वानखेडे एकत्र करा. शनिवारी सामना असला की अख्खं गाव बंद असतं. तिकडे शिकायला गेलेलं तुमच्या ओळखीतलं कुणी असेल तर विचारून बघा, त्या दिवशी कॅम्पसजवळ गाडी लावायला जागा मिळते का.

या खेळाचे मजलेही आहेत. सगळ्यात वर एफबीएस, जिथे टीव्हीचा पैसा आणि मोठी नावं असतात. त्याखाली एफसीएस, मग डिव्हिजन टू आणि शेवटी डिव्हिजन थ्री. फरक कशात, तर स्कॉलरशिपमध्ये. सिग्नेटी वर चढत होते त्या काळात एफबीएस संघाला ८५ खेळाडूंना पूर्ण स्कॉलरशिप देता यायची. एफसीएसला ६३ इतक्या, डिव्हिजन टूला ३६ इतक्या आणि डिव्हिजन थ्रीला खेळासाठी शून्य. खाली जाल तसा पैसा, सोयी आणि कॅमेरे कमी होत जातात.

शिडी कशी असते?

हेड कोच व्हायला परीक्षा नाही, ठरलेली पदवी नाही. पण एक शिडी आहे.

पहिली पायरी ग्रॅज्युएट असिस्टंट. खेळून झालेला पोरगा त्याच किंवा दुसऱ्या विद्यापीठात पुढचं शिक्षण घेतो आणि बदल्यात संघासाठी पडेल ते काम करतो. सामन्यांचे व्हिडिओ कापणं, प्रतिस्पर्ध्यांच्या चाली कागदावर उतरवणं, सरावाची तयारी करणं. पैसे नावाला, काम पहाटेपासून रात्रीपर्यंत.

दुसरी पायरी पोझिशन कोच. म्हणजे फक्त क्वार्टरबॅकना शिकवणारा, फक्त रिसिव्हर्सना शिकवणारा वगैरे. याच माणसाला ‘रिक्रूटिंग’ही करावं लागतं. बारावीच्या वयाच्या पोरांच्या घरी जायचं, आईवडिलांसमोर बसायचं आणि तुमचा मुलगा आमच्याकडेच का यावा हे पटवायचं. कॉलेज कोचचं अर्धं आयुष्य अशा दिवाणखान्यांत जातं.

तिसरी पायरी कोऑर्डिनेटर. संपूर्ण हल्ला किंवा संपूर्ण बचाव त्याच्याकडे. सामन्यात कोणती चाल खेळायची हे सहसा तोच सांगतो. टीव्हीवर त्याचा चेहरा दिसायला लागतो.

चौथी पायरी हेड कोच. इथे काम पूर्ण बदलतं. चाली आखण्यापेक्षा माणसं सांभाळणं जास्त असतं. कुणाला नेमायचं, कुणाला काढायचं, कोणता खेळाडू घ्यायचा, देणगीदारांशी काय बोलायचं, अभ्यासात मागे पडलेल्या पोराचं काय करायचं, आणि हरल्यावर कॅमेऱ्यासमोर उभं कुणी राहायचं. सगळं एकाच माणसावर येतं.

मेख इथेच आहे. तिसऱ्या पायरीपर्यंत उत्तम काम केलेल्या माणसाला चौथी पायरी जमेलच असं नाही. चांगला शिक्षक चांगला मुख्याध्यापक होईलच असं नसतं, तसंच. आणि हेड कोचचं काम हेड कोच झाल्याशिवाय शिकताच येत नाही.

२८ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली

सिग्नेटींच्या घरातच फुटबॉल होतं. त्यांचे वडील फ्रँक सिग्नेटी हे वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचे हेड कोच. पुढे प्रचंड गाजलेले बॉबी बाउडन तिथून गेल्यावर १९७६ मध्ये ही खुर्ची त्यांच्याकडे आली. चार सीझनमध्ये १७ विजय, २७ पराभव. याच काळात त्यांना एका दुर्मीळ कॅन्सरनं गाठलं. त्यातून ते वाचले, पण १९७९ चा सीझन संपल्यावर नोकरी गेली.

त्याच वर्षी मुलगा कर्ट त्याच संघात क्वार्टरबॅक म्हणून आला होता. वडिलांना काढणाऱ्या विद्यापीठाच्याच जर्सीत तो पुढची तीन वर्षं राहिला. हा धंदा माणसाला कसा वर चढवतो आणि कसा खाली उतरवतो, हे त्यानं विशीच्या आत घरातच बघितलं होतं.

तरीही त्यानं तोच धंदा निवडला. १९८३ मध्ये पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीत ग्रॅज्युएट असिस्टंट. मग डेव्हिडसन, राइस, टेंपल, पुन्हा पिट्सबर्ग. २००० पासून सात वर्षं नॉर्थ कॅरोलिना स्टेट, जिथे फिलिप रिव्हर्ससारखा क्वार्टरबॅक त्यांच्या हाताखालून गेला. रिव्हर्स पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, मोठा स्टार झाला. कोचचा पत्ता मात्र असिस्टंटच.

२००७ मध्ये निक सेबन यांनी अलाबामा संघाची सूत्रं घेतली आणि सिग्नेटींना सोबत घेतलं. सेबन म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात यशस्वी कोच, सात राष्ट्रीय विजेतेपदं नावावर असलेला. सिग्नेटींकडे दोन कामं होती, रिसिव्हर्सना शिकवणं आणि रिक्रूटिंगची सगळी जुळवाजुळव. २००८ च्या बॅचमध्ये अलाबामानं हूलिओ जोन्स आणि मार्क इंग्रम यांच्यासारखी पोरं उचलली. पहिल्या वर्षी ७ विजय आणि ६ पराभवांवर असलेला संघ २००९ मध्ये १४ पैकी १४ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला.

इथे थांबला असता तरी माणूस सुखात निवृत्त झाला असता. पण सिग्नेटी पन्नाशीला टेकले होते आणि पुढची पायरी काही मिळत नव्हती. मोठी विद्यापीठं हेड कोच शोधताना बहुतेक वेळा दोनच रांगांकडे बघतात. एक, कुठेतरी आधीच हेड कोच असलेले. दोन, मोठ्या संघांचे कोऑर्डिनेटर. सिग्नेटी दोन्हीकडे नव्हते.

पन्नाशीला खालची पायरी

जानेवारी २०११ मध्ये त्यांनी अलाबामा सोडलं आणि ‘इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्वेनिया’चे हेड कोच झाले.

इथे नावाचा गोंधळ होतो, म्हणून सांगतो. ही ती प्रसिद्ध इंडियाना युनिव्हर्सिटी नव्हे. पेनसिल्वेनिया राज्यात इंडियाना नावाचं एक छोटं गाव आहे, तिथलं हे विद्यापीठ. लोक त्याला आययूपी म्हणतात. संघ डिव्हिजन टूमधला. म्हणजे राष्ट्रीय विजेत्या संघातून एका उडीत दोन मजले खाली.

पगार कमी झाला. घरी पत्नी आणि तीन मुलं. सोयीसुविधांचं म्हणाल तर अलाबामातलं सगळं इथे विसरायचं. पण या मैदानाशी घराचं नातं होतं. वेस्ट व्हर्जिनियातून हाकलले गेलेले वडील फ्रँक यांनी याच कॉलेजात १९८६ ते २००५ अशी २० वर्षं हेड कोच म्हणून काढली होती, १८२ सामने जिंकले होते. मोठ्या विद्यापीठानं नापास ठरवलेला माणूस छोट्या कॉलेजात गाजला आणि पुढे कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मुलानं सहा सीझनमध्ये ५३ सामने जिंकले, १७ हरले. इथे त्यांना ते सगळं करावं लागलं जे २८ वर्षांत करावं लागलं नव्हतं. कमी पैशात कोच गोळा करणं, मोठ्या संघांनी नाकारलेल्या पोरांमधून कामाची पोरं ओळखणं, आणि चुकलं तर ते स्वतःच्या नावावर घेणं.

पुढची पायरी २०१७ ची. एलॉन हे नॉर्थ कॅरोलिनातलं विद्यापीठ, एफसीएस गटातलं. आदल्या वर्षी संघ २ सामने जिंकला होता आणि ९ हरला होता. सिग्नेटींच्या पहिल्याच वर्षी ८ विजय आणि ४ पराभव, आणि दोन्ही वर्षं संघ प्लेऑफमध्ये.

२०१८ मध्ये एलॉननं जेम्स मॅडिसन या तगड्या संघाला त्याच्याच घरच्या मैदानावर हरवलं. सीझन संपल्यावर जेम्स मॅडिसनचा कोच दुसरीकडे गेला आणि रिकाम्या खुर्चीवर आले कर्ट सिग्नेटी. तिथे पाच सीझनमध्ये ५२ विजय, ९ पराभव. याच काळात २०२२ मध्ये जेम्स मॅडिसननं एफसीएस सोडून एफबीएसमध्ये उडी मारली. नवखा संघ वरच्या मजल्यावर गेला की सहसा मार खातो. हा संघ तिथे पहिल्या वर्षी ८ आणि दुसऱ्या वर्षी ११ सामने जिंकला.

म्हणजे १३ सीझन, तीन कॉलेजं, तीन वेगवेगळे स्तर, आणि एकाही वर्षी विजयांपेक्षा पराभव जास्त नाहीत. तरीही मोठ्या विद्यापीठांच्या यादीत त्यांचं नाव वरती नसायचं. वय साठीपार, टीव्हीवर फारसा चेहरा नाही, आणि नावापुढे लागलेला शिक्का ‘छोट्या कॉलेजचा कोच’.

चार दिवसांत नेमणूक

आता येऊ इंडियाना युनिव्हर्सिटीकडे, म्हणजे खऱ्याखुऱ्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन शहरातली. बास्केटबॉलसाठी नावाजलेली, फुटबॉलमध्ये मात्र विनोदाचा विषय. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत ९ विजय, २७ पराभव. एका सीझनमध्ये १० सामने जिंकणं या संघाला इतिहासात कधीच जमलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर २०२३ ला कोच टॉम अ‍ॅलन यांना काढण्यात आलं. ३० नोव्हेंबरला सिग्नेटींचं नाव जाहीर झालं. मधे फक्त चार दिवस.

एवढी घाई का? कारण कॅलेंडर. डिसेंबरच्या सुरुवातीला ‘ट्रान्सफर पोर्टल’ उघडत होतं. म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणारे खेळाडू आपलं नाव या यादीत टाकणार. त्यानंतर काही दिवसांतच शाळेतली पोरं कॉलेजशी करार करणार. त्या वेळी खुर्ची रिकामी असेल तर आहेत ती पोरं पळतात आणि नवी येत नाहीत. त्यामुळे विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे सगळ्या खेळांचा कारभारी, खिशात नावांची यादी आधीच तयार ठेवून असतो. इंडियानात हे काम स्कॉट डॉल्सन यांच्याकडे होतं.

दुसरा शब्द लक्षात ठेवा, ‘बायआउट’. कोचशी करार असतो पाच-सहा-आठ वर्षांचा. मधेच काढलं तर उरलेल्या पगाराचा ठरलेला भाग द्यावा लागतो. टॉम अ‍ॅलन यांना तडजोडीनंतर १ कोटी ५५ लाख डॉलर मिळाले, काम न करण्याचे. त्याच महिन्यात टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा बिल झालं सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर.

हा पैसा तिकिटं, टीव्हीचे करार आणि श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून येतो. पण विद्यापीठं बरीचशी सरकारी. त्यामुळे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी माणूस गव्हर्नर नसतो, फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा कोच असतो.

सिग्नेटींचा पहिला करार सहा वर्षांचा, साधारण २ कोटी ७० लाख डॉलरचा होता. या धंद्याच्या मानानं बेताचा.

कोच एकटा येत नाही

‘नवा कोच आला’ या बातमीत जे दिसत नाही ते इथून सुरू होतं. कोच आपल्यासोबत अख्खं घर घेऊन येतो.

माइक शॅनाहन हे सिग्नेटींसोबत आययूपीत होते, एलॉनला होते, जेम्स मॅडिसनला होते. इंडियानात ते हल्ल्याचे कोऑर्डिनेटर झाले. बचावाचे कोऑर्डिनेटर ब्रायंट हेन्सही आययूपीच्या दिवसांपासून ओळखीचे आणि जेम्स मॅडिसनहून सोबत आलेले.

आणि खेळाडू? जेम्स मॅडिसनचे १३ खेळाडू कोचच्या मागोमाग इंडियानात आले. एलायजा सॅरॅट, एडन फिशर, मिकेल कमारा, डीअँजेलो पाँड्स ही नावं पुढे अख्ख्या अमेरिकेनं ऐकली. सिग्नेटींचा नियम साधा होता. पोरगा पुढे काय करू शकेल यापेक्षा त्यानं आतापर्यंत मैदानात काय केलंय ते बघायचं. छोट्या संघात का होईना, खेळून दाखवलंय ना? मग ये. थोडक्यात, जो न्याय त्यांना स्वतःला मिळायला १३ वर्षं लागली, तो त्यांनी या पोरांना लगेच दिला.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू ब्लूमिंग्टनपासून लांब, व्हर्जिनियात होती. जेम्स मॅडिसनचा संघ त्या वर्षी इतिहासात पहिल्यांदाच ‘बोल गेम’ खेळणार होता. बोल गेम म्हणजे सीझनच्या शेवटी निवडक संघांना मिळणारा मानाचा सामना. ज्या कोचनी इथवर आणलं तो सामन्याआधीच निघून गेला होता. हंगामी कोचच्या हाताखाली संघ खेळला आणि हरला. मागे राहिलेल्या पोरांनी या कोचच्या शब्दावर कॉलेज निवडलं होतं. त्यांच्या वाट्याला नवा माणूस, नव्या चाली आणि संघातली जागा पुन्हा सिद्ध करण्याची वेळ आली.

यात सिग्नेटींनी नियम मोडला असं काही नाही. व्यवस्थाच अशी आहे. २०२५ मध्ये तर कळस झाला. मिसिसिपीच्या ‘ओल मिस’ संघानं १२ पैकी ११ सामने जिंकले, संघ राष्ट्रीय प्लेऑफमध्ये जाणार हे स्पष्ट होतं, आणि प्लेऑफ सुरू व्हायच्या आधी कोच लेन किफिन एलएसयू या प्रतिस्पर्धी विद्यापीठात निघून गेले. त्यांच्या जागी आलेल्या पीट गोल्डिंग यांच्यासोबत त्या पोरांनी प्लेऑफचे दोन सामने जिंकून दाखवले, तो भाग वेगळा.

मग काय झालं?

२०२४ मध्ये इंडियानानं पहिले १० सामने ओळीनं जिंकले. सीझन संपला तेव्हा ११ विजय, २ पराभव आणि १२ संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये जागा. तिथे नोत्र दामनं २७-१७ असं हरवलं. ‘सोपे प्रतिस्पर्धी मिळाले होते’ असं म्हणणारेही बरेच निघाले.

२०२५ मध्ये कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीतून फर्नांडो मेंडोसा हा क्वार्टरबॅक आला. शाळेत असताना त्याच्याकडे मोठ्या संघांनी फारसं लक्ष दिलं नव्हतं. तो त्या वर्षीचा हाइझमन ट्रॉफी विजेता ठरला, म्हणजे देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. ओहायो स्टेटला १३-१० हरवून इंडियानानं बिग टेन या आपल्या गटाचं विजेतेपद घेतलं. मग रोझ बोलमध्ये समोर आला अलाबामा. पंधरा वर्षांपूर्वी सिग्नेटी जिथून निघाले होते तोच संघ. निकाल ३८-३. उपांत्य फेरीत ओरेगॉन ५६-२२, आणि १९ जानेवारी २०२६ ला अंतिम सामन्यात मायामी २७-२१.

दोन वर्षांत २७ विजय, २ पराभव. मधल्या काळात विद्यापीठानं करार दोनदा वाढवला. ऑक्टोबर २०२५ चा नवा करार आठ वर्षांचा, सुमारे ९ कोटी ३० लाख डॉलरचा. रुपयांत ८०० कोटींच्या घरात, म्हणजे वर्षाला शंभर कोटींच्या आसपास.

ही निव्वळ मेहनतीची गोष्ट आहे का?

रील बनवायची तर ‘पन्नाशीला रिस्क घेतली आणि जिंकला’ एवढं पुरतं. पण गोष्ट तेवढी सरळ नाही.

एक तर सिग्नेटी कोचच्या घरात जन्मले. भाऊ फ्रँक ज्युनियरही कोच. या धंद्यात ओळखीनं दारं उघडतात आणि ती ओळख त्यांच्याकडे लहानपणापासून होती. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या मोठी आहे, पण त्या प्रमाणात कृष्णवर्णीय हेड कोच आजही दिसत नाहीत. शिडी सगळ्यांसाठी सारखी नाही.

दुसरं, पैसा. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. इंडियानाकडे श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत, उद्योजक मार्क क्युबन हे त्यातलंच एक नाव. ट्रान्सफर पोर्टल आणि हा पैसा नसता तर दोन वर्षांत संघ उभा राहिला नसता. १९९० च्या काळात हेच करायला कदाचित दहा वर्षं लागली असती.

तिसरं, हेड कोच होण्याचा हा एकमेव रस्ता नाही. नोत्र दामचे मार्कस फ्रीमन थेट कोऑर्डिनेटरपदावरून ३५ व्या वर्षी हेड कोच झाले आणि संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यात घेऊन गेले. डिऑन सँडर्स हे एनएफएलचे सुपरस्टार, जॅक्सन स्टेटमध्ये काही वर्षं काढून कोलोरॅडोला आले. एनएफएलमध्ये हेड कोच म्हणून सहा सुपर बोल जिंकलेले बिल बेलिचिक वयाच्या सत्तरीनंतर नॉर्थ कॅरोलिनात आले, पण पहिल्याच वर्षी विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. मोठं नाव म्हणजे खात्री नव्हे.

आणि सिग्नेटींचा रस्ता आता इतरही चालतायत. जेम्स मॅडिसनमध्ये त्यांच्या जागी आलेले बॉब चेस्नी बघा. सुरुवात डिव्हिजन थ्रीच्या साल्व्हे रेजिनापासून, मग डिव्हिजन टूचं असम्प्शन, मग एफसीएसचं होली क्रॉस, मग जेम्स मॅडिसन. प्रत्येक मजल्यावर हेड कोच. २०२५ मध्ये त्यांनी जेम्स मॅडिसनला राष्ट्रीय प्लेऑफपर्यंत नेलं आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या बड्या विद्यापीठानं त्यांना उचललं. चेस्नी त्यांच्या नव्या गावात ‘नवा कोच’ आहेत, पण हेड कोच म्हणून त्यांची ही पाचवी खुर्ची आहे.

पुढच्या वेळी बातमी वाचताना

दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुमच्या फीडवर अशा बातम्या येतात. अमुक विद्यापीठाला नवा कोच, इतक्या कोटींचा करार. तेव्हा तीन गोष्टी बघा.

पहिली, हा माणूस आधी कुठे हेड कोच होता का, आणि हातात काहीच नसताना त्यानं काय केलं? मोठ्या संघात मोठ्या खेळाडूंच्या जोरावर जिंकणं वेगळं आणि ३६ स्कॉलरशिपमध्ये संघ उभा करणं वेगळं.

दुसरी, जुन्या कोचला घरी बसवायला किती पैसे मोजले? त्यावरून विद्यापीठ किती घाईत आहे आणि नव्या माणसाला किती वेळ मिळणार याचा अंदाज येतो. फ्रँक सिग्नेटींना चार वर्षं मिळाली होती. आज तेवढीही मिळतील याची खात्री नाही.

तिसरी, त्याच्यासोबत कोण आलं आणि मागे कोण राहिलं? हेडलाइन कोचच्या नावानं होते, पण त्या एका सहीमुळे दोन्ही कॉलेजांतल्या दोनशेएक पोरांचं पुढचं वर्ष बदलतं. त्यातली बहुतेक एनएफएलमध्ये कधीच जाणार नाहीत. त्यांच्यासाठी हे कॉलेजचं शेवटचं किंवा शेवटून दुसरं वर्ष असतं, आणि सोमवारी सकाळी सरावाला आल्यावर त्यांना मैदानावर एक अनोळखी माणूस शिट्टी घेऊन उभा दिसतो.